संकीर्ण खर्च

सत्तावीस वर्षं मी स्काल्डाविकच्या मासळी कारखान्यात
वह्या लिहिल्या.
कॉड आला किती, गेला किती,
मीठ, डिझेल, हातमोजे, बर्फ.
(आइसलँडात बर्फ विकत घ्यावा लागतो,
हे पाहुण्यांना पटत नाही.)

स्तेइन्थोर आला तेव्हा दिवस चार तासांचा होता.
विद्यापीठाचं पत्र, एक पेटी, वाहतं नाक.
हाल्डोराशेजारी स्टूल टाकून तो नुसता बसला
तिचे हात बघत.
काटा ती डोळ्यांनी शोधत नसे.
सुरी क्षणभर अडे, मनगट वळे, काटा बाहेर.
"कसं कळतं?"
"बूट घालताना विचार करतोस का, डावा पाय कुठला?"
त्यानं तेही लिहून घेतलं.

तीन हिवाळे.
क्ष-किरणांत काटा लख्ख दिसे,
पण पाण्याच्या धारेला वळण कळेना.
कधी काटा राहून मांसच उडे,
एकदा छताचा दिवा फुटला.
अकरा वेळा फसलं.
फसलेल्याला माझ्या वहीत रकाना नव्हता.
मी ते 'संकीर्ण खर्चा'त टाकत गेले,
कॉफी, टपाल आणि झाडूंसोबत.
मालक विचारत, हे संकीर्ण एवढं का फुगलंय?
मी म्हणे, थंडी फार आहे.

बाराव्यांदा त्यानं धारेला
हाल्डोराचं मनगट शिकवलं.

समुद्र तोच. कॉड उलट कमीच,
सरकारनं कोटा कापला होता.
तरी तासाला दीडपट माल निघू लागला.
आणि जी कातडी आम्ही पाइपातून
खाडीत सोडून मोकळे व्हायचो,
ती पुढच्या गावच्या प्रयोगशाळेत जाऊन
भाजल्या जखमेवरची पट्टी झाली.
त्या महिन्यात पहिल्यांदा
कचरा जमेच्या बाजूला लिहिताना
माझं पेन थांबलं.
दोनदा बेरीज केली.

शाळेला दुसरी शिक्षिका मिळाली.
ओर्लिगुर रेक्याविक सोडून परतला, यंत्रं दुरुस्त करायला.
टेबलावरच्या चौदा बायकांपैकी नऊ उरल्या.
दोघी पट्टीच्या कारखान्यात, एक लेकीकडे नॉर्वेला.
स्वाल्डिस मला बघून अजून रस्ता बदलते.
पगाराचं शेवटचं पाकीट मीच दिलं होतं.
त्याला कुठल्या बाजूला लिहू?

पाचवी हाल्डोरा.
यंत्र अडलं की तिला निरोप जातो.
ती येते, काचेला कान लावते,
"मनगट आखडलंय" म्हणते,
आणि बिघाड तिथंच निघतो.
त्या फेरीचे पैसे ती घेते, रोख.

आता नवी मुलगी बसते माझ्या खुर्चीत.
तिच्या पडद्यावर स्वतंत्र रकाना आहे: संशोधन.
छान आहे, म्हटलं.
पण संकीर्ण पुसू नकोस.
ती हसली. तिला वाटलं, म्हातारीची सवय.

बाहेर पाइपाच्या कोरड्या तोंडाशी
समुद्रपक्षी अजून वाट बघत बसतात.
त्यांना कुणी कळवलेलं नाही.