मे महिन्यातली लॉन्ड्री

गावाच्या पाटीवर लोकसंख्या चार हजार.
त्यात कॉलेजची पोरं धरलीत की नाही
यावर आयली आणि टॉयव्हो
लग्न झाल्यापासून भांडताहेत.

पदवीदानाच्या दुसऱ्या दिवशी गाड्या भरतात,
टपावर गाद्या, दोऱ्या करकचून,
आणि दिवेलागणीला चौकातला एकुलता सिग्नल
आपला सवयीनं लाल होत राहतो.

लॉन्ड्रीत चौदा मशीनं. तेरा गप्प.
वर्षभर खिशांत सापडलेलं बरणीत:
नाणी, किल्ल्या, एक दाढ, माणसाचीच,
आणि घडी घातलेली चिठ्ठी
धुऊन धुऊन कोरी झालेली.

चौदाव्यात यारेदचा शर्ट.
एकच. कालही हाच होता.
अदिसचं तिकीट परवडेना म्हणून राहिलाय,
लेक सुपीरियरच्या काठी मासे मोजायच्या कामावर,
जिथे अजून कडेकडेला
काळा पडलेला बर्फ हटायचं नाव घेत नाही.

एवढ्याशा कपड्याला अख्खं मशीन?
आयली विचारणारच होती.
पण तो ड्रायरला पाठ टेकून
फोनवर आईशी बोलत होता,
आणि मोकळा हात असा हलवत होता
जसं घर पाहुण्यांनी भरलंय
आणि ह्यालाच सगळ्यांना बसवायचंय.

शर्ट केव्हाच वाळला होता.
तिनं बरणीतलं एक नाणं काढून
ड्रायरमध्ये टाकलं.
अजून वीस मिनिटं.

रात्री, सूप ढवळता ढवळता,
ती म्हणाली, चार हजार एक.

टॉयव्हो म्हणाला,
झालीस परत सुरू?