समेची जागा

डोमाजी धकाते यांच्या नावाचा रस्ता नाही.
गोळीबार चौकामागे एक बोळ आहे,
तिथल्या नळावर बायका अजून म्हणतात,
तो वेडा मास्तर, मागावर बसून गायचा तो.

बाप विणकर. धोटा डावीकडून उजवीकडे जाई
आणि परतताना कधीकधी अडखळे.
त्या अडखळण्याची त्यांनी मात्रा केली.
साडेदहा मात्रांचा ताल.
पहिल्या दिवशी गंगाधर निमजे तबल्यावरून म्हणाला,
"अर्धी ठेवू कुठं, खिशात?"
"ठेव. पन सांडू नको."

गंधार ते उतरता लावत,
मे महिन्यात उन्हाने सैल पडलेल्या तारेसारखा.
जाणकार म्हणत, हा बेसूर आहे. काही म्हणत, अजून नाही.

चौऱ्याहत्तर साली, महालातल्या मैफलीत
मी मागे तंबोऱ्यावर होते, एकोणीस वर्षांची.
आवर्तनं फिरत राहिली, सम येईना.
पहिल्या रांगेतले वकील घड्याळ बघून उठले,
मग डॉक्टर, मग त्यांच्या बायका.
कुणी ओरडले, "सम कुठाय, बुवा?"
ते डोळे मिटून हसले
आणि मिलचा रात्रपाळीचा भोंगा झाला.

त्यावरच होती सम.
दुपारभर त्यांनी माझ्या तंबोऱ्याच्या खुंट्या
का पिळल्या होत्या, ते तेव्हा कळले.
दाराशी चपला सांभाळणारा माणूस
तेवढा एकटा "वा" म्हणाला.
तो मिलमध्ये बदली कामगार होता.

रेडिओने ध्वनिमुद्रण केले होते.
पुढे त्याच फितीवर संत्र्यांचे बाजारभाव घेतले.

मिल बंद झाली.
मास्तर तीच चीज गात राहिले, आठ-दहा माणसांपुढे,
त्या जागी आले की थांबत,
खिडकीकडे बघत.
"काऊन थांबता जी?"
"वाट पाहून रायलो."
"भोंगा तं बंद झाला."
"मंग? जागा भरून टाकाची का?"

गेल्या आठवड्यात त्रिमूर्ती नगरात
निमजेच्या नातवाची एक शिष्या,
गळ्यात इअरफोन लोंबणारी,
गाता गाता थांबली. दम संपला म्हणून नाही.
मी विचारले, इथे का गं?
म्हणाली, असंच शिकवलंय.

मी तिला मिल सांगितली नाही.
परतताना ऑटोत मांडीवर बोटे मोजत होते.
"काकू, उतरा," ऑटोवाला म्हणाला,
आणि मी नवव्या मात्रेवर चुकले.