रिकिबीची बंदूक

मालखान्याच्या रजिस्टरात, माझ्या अक्षरात,
ती सात वेळा आहे.
मालक : शिवलिंगप्पा हुडगे, मौजे करडखेल, तालुका उदगीर.
वर्णन : जुनी रायफल, पोट पितळी, दस्ता लाकडी.
स्थिती या रकान्यात सातही वेळा एकच शब्द :
चकचकीत.

निवडणूक लागली की ती यायची,
झेडपीची असो की दिल्लीची,
टमटममधून, सोलापुरी चादरीत,
आप्पाच्या मांडीवर आडवी,
दवाखान्यात न्यायच्या आजाऱ्यासारखी.
"सायेब, हिची गोळी जगात कुठं बनंना आता.
हिनं कुणाचं मत फिरवावं?"
मी म्हणायचो, नियम आहे आप्पा.
आणि पावती फाडायचो.

गावात तिला रायफल कुणी म्हणत नाही.
चापाखाली लोखंडाची कडी आहे, चार बोटं मावतील अशी.
पुढं ढकला, उघडते. मागं ओढा, मिटते.
कट्-कटाक्,
अडकित्त्यात सुपारी सापडावी तशी.
ती कडी बघून कुण्या जुन्या शिलेदारानं
नाव ठेवलं असेल : रिकिबीची बंदूक.
घोडा आहे, रिकीब आहे.
स्वार तेवढा नाही.

यंदा मतमोजणी झाली, हत्यारं परत द्यायचा दिवस,
आणि हैदराबादहून मुकर्रम साहेब आले.
पांढरे हातमोजे, खिशात भिंग, परवाना रीतसर.
ठाण्याच्या टेबलावर मी चादर सोडली.
त्यांनी आधी आकडा सांगितला, फोटोवरून ठरवलेला.
तो ऐकून आप्पानं टोपी काढली.

मग भिंग पितळेवर फिरलं.
फिरत राहिलं.
"इधर एक हरन रहना था. कोरेला."

गुरुबाई बाकड्यावर बसल्या होत्या, पिशवी पोटाशी धरून.
"व्हतं की," त्या म्हणाल्या,
"मी नांदाया आले तवा शिंगं सुद्दा व्हती त्येला.
मग शिंगं गेली.
मग पाय.
पाठ लई वर्सं टिकली."

दर खांडेनवमीला चिंचेचा कोळ,
वरून राखुंडी,
घागर, परात, समई, आणि शेवटी ही.
बेचाळीस नवम्या.
एक हरीण पळायला एवढा वेळ लागतो.

मुकर्रम साहेबांनी हातमोजा काढून कपाळ पुसलं.
"अम्मा," ते हळूच म्हणाले,
"हमकू चमक नक्को था. मैल होना था."
दुसरा आकडा सांगितला.
आप्पानं टोपी परत घातली.

कागद विचारले त्यांनी.
कागद म्हणजे आमच्याच पावत्या,
डालड्याच्या डब्यात, सुतळीनं बांधलेल्या.
सगळ्यात खालची उर्दूत, निजामाच्या अमलातली,
कुणा अमीनाची सही, घाईत केलेली.
तेव्हा कशासाठी जमा केली होती देव जाणे.
निवडणूक तर नव्हती.

जाता जाता त्यांनी दस्त्यामागची पट्टी उघडली.
दोन स्क्रू, एक गंजलेला, तो माझ्या चावीनं फिरवला.
पट्टी निघाली, आणि तिच्या आतल्या अंगाला
नखाएवढं पितळ :
काळपट, खजुराच्या रंगाचं,
बनवणाऱ्याच्या बोटानंतर कुणी न शिवलेलं.
साहेब खिडकीपाशी गेले.
उजेडात धरून उभे राहिले ते,
चहा निवला तरी.
म्हणाले, ये देखने आया था मैं.
तिसरा आकडा त्यांच्या ओठावर होता, मी पाहिला.

तेवढ्यात गुरुबाई उठल्या,
चष्मा नाकावर सरकवून वाकल्या,
आणि लाजेनं जीभ चावली :
"अगं बया, येवढं राह्यलंच की घासायचं!
आन हिकडं. घरी चिंच भिजतीया."

साहेब हसले. मग हसायचे थांबले.
पट्टी त्यांच्या मुठीत होती,
आणि त्यांनी ती आप्पाला परत दिली.

आठवी नोंद मी पूर्ण केली.
परत दिल्याची तारीख. अंगठा. सही.
स्थितीच्या रकान्यात पेन टेकवला
आणि बराच वेळ तसाच ठेवला.
शाईचा ठिपका पडला तिथं,
नखाएवढा.