हजाराचा ठोकळा

फोर्ट केंटला नदी गोठली तेव्हा मी मणी ओवायला बसले.
शेजारच्या अल्फोन्सीनची तुटलेली पिवळी माळ,
बटाट्याच्या कोठारातली जुनी तार.
दहा मणी, टोकाला पकडीने आकडी;
अशा दहा काड्या बांधल्या की शंभर.
एक शंभर झाला. दुसरा अर्धा. बोटं सोलवटली.

हजाराला मणी आणायचे कुठून?
बुटांचं खोकं कापून ठोकळा चिकटवला,
सहाही बाजूंना शंभर शंभर ठिपके काढले,
रात्री, ल्यूक बर्फ उपसायच्या ट्रकवर गेल्यावर.

सकाळी रेमीने एककाशेजारी दशक मांडला,
दशकाशेजारी शतक,
ठोकळा उचलला आणि थबकला.
"ममाँ, हा हलका आहे."
मग बोट टेकवत मोजत बसला, लापशी निवेपर्यंत.
"सहाशेच आहेत. चारशे कुठे गेले?"

म्हणता आलं असतं: आत आहेत, दिसत नाहीत.
रविवारी चर्चमधून येताना
मी त्याला असलंच काही सांगत असते.
पण इथे जीभ रेटेना.
"नाहीत रे. माझे मणी संपले."

त्याने सुरीने एक बाजू उचकटली,
आत नाक घालून पाहिलं,
आणि फडताळातली घेवड्याची बरणी ओढत आणली.
एक. दोन. तीन.
सूपासाठी भिजवायचा होता तो घेवडा.

अंधार पडता ल्यूक आला, मिशीवर बर्फ.
"हे काय?"
"हजार," रेमी म्हणाला, मान वर न करता,
"अजून व्हायचाय."