टिंब

नाशिक रोडच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं
नोटा मोजल्या. इकडची एक तिकडे नाही.
म्हणून मैदानावर गुणांची वही माझ्याकडे.

बाण काढण्याआधी गुण लिहायचा, मोठा आधी,
रेषेला शिवला तर वरचा,
आणि काढल्यावर प्रत्येक भोकाला पेनाचं टिंब.
एवढंच तर काम.

चौथ्या फेरीत गंगापूर धरणाकडून वारा सुटला,
कागद सांभाळताना एक भोक राहिलं.

पाचव्या फेरीत जयवंती थविलचा बाण
लागून मागे पडला, गवतात.
लक्ष्यावर बिनटिंबाची भोकं दोन:
एक दहात, एक सातात.
सगळ्यांनी पाहिलं होतं, पिवळ्यात लागला.
पाहिलेलं वहीत चढत नाही.
दोन असतील तर लहान धरा, नियम सांगतो.
पंच भिंगातून बघत राहिले,
जणू भोकच बोलेल.

मी सात लिहिले. अक्षर चांगलं आलं.

ती दोन गुणांनी हरली.
सुरगाण्याची शेवटची एसटी गाठायची होती,
धनुष्याची दोरी उतरवता उतरवता म्हणाली,
"पेन संपलं होतं का, काका?"

नव्हतं संपलं.
अजून खिशात तेच आहे.