नंतर

वूच शहरात, ट्रामच्या डेपोमागे
बोगुमिलाबाईंचं पडदे शिवायचं दुकान.
संगणक अकरा वर्षांचा,
पंख्यात मखमलीचा भुसा.

मी कारणं सांगू लागलो:
बँकेचं पान उघडत नाही,
नवा प्रिंटर ओळख देत नाही,
कुलूप इतकं गंजलंय
की चोराला फुंकरही पुरेल.
बाई सुईत दोरा ओवत म्हणाल्या,
"चालतंय ना? मग?"

चालतंय खरं.
सुरू होईतो चहा गार होतो, इतकंच.

मग त्यांनीच सांगितलं.
रोज सकाळी कोपऱ्यात एक चौकट यायची,
नवी प्रणाली घ्यायची का?
इरेनेउश न बघताच दाबायचा: नंतर.
"तो गेला त्या मार्चपासून मी दाबते.
त्याचं तेवढं एकच काम
माझ्याकडे आलं.
आणि आता महिना झाला,
हे विचारतच नाही."

कारणांचा कागद मी घडी करून
खिशात टाकला.
हे सगळ्यात मोठं कारण
त्यात लिहिलंच नव्हतं.

"नव्यात विचारतात?"
विचारतात, म्हटलं. नको तितकं.

"मग घाला."

चौतीस टक्क्यांवर तासभर अडकलं.
बाहेर दोन ट्राम गेल्या, की तीन.
एकदाचा पडदा उजळला:
भाषा कोणती, घड्याळ कुठलं,
तुमचं नाव?

बाई थांबल्या.
मग एका बोटानं, अक्षर शोधत शोधत,
स्वतःचं लिहिलं.
मधलं एक अक्षर चुकलं.

मी पुढे झालो, तर म्हणाल्या,
राहू दे,
नंतर.