शनिवारची खुर्ची

रिओनी नदीच्या पुलापासून तिसरं दुकान माझं.
कुताइसीत तीस वर्षं केस कापतो,
म्हणजे तीस वर्षं कपाळांचं अतिक्रमण बघतो.
शेजाऱ्यानं रात्रीतून बांध कोरावा
तसं ते सरकतं, केसभर, केसभर.
आरशात दिसेपर्यंत निम्मं वावर गेलेलं असतं.

बेझान मास्तर दर शनिवारी येतात.
भौतिकशास्त्र शिकवायचे.
कानांमागे एक पांढरी झालर,
आणि पुढे, अगदी पुढे, केसांची एकच ओळ.
तरी म्हणतात, "नोदार, जरा हलकं कर."
मी कात्री हवेत चालवतो, चक चक चक.
हवेचे पैसे घेत नाही, झालरीचे घेतो.

त्यांनी सगळं करून पाहिलंय.
हिरव्या अक्रोडाची साल. कांद्याचा रस,
ज्याचा वास बायकोनं उशीवर तीन महिने सोसला.
मग सीमेपलीकडे जाऊन
मानेवरचे दोन हजार केस उपटून
कपाळावर लावून आले.
लावलेले जगले. आजूबाजूचे गेले.
ती ओळ तेवढी उभी आहे,
घर पडल्यावर उरलेल्या कुंपणासारखी.

एकदा मी विचारलं, मास्तर,
हृदय बदलतात, गुडघे बदलतात,
मग एवढंसं का जमत नाही?
फेस लावलेल्या तोंडानं ते बोलत राहिले:
"मूळ मरत नाही रे, तीच गोम आहे.
मेलं असतं तर एकदाचे रडून मोकळे झालो असतो.
ते झोपतं, उठतं, पुन्हा झोपतं,
आणि दर खेपेला थोडं कमी उठतं.
शेवटी लव उरते, तान्ह्याच्या कानावर असते तशी.
आणि त्याला झोपवणारं कोण?
ज्यानं मला दाढी दिली, हा आवाज दिला, तेच.
त्याचं तोंड दाबावं, तर आणखी काय काय गप्प होईल!
औषध घ्यावं तर जन्मभर.
थांबलास, की सहा महिन्यांत सावकार दारात.
उंदरांना म्हणे केव्हाच केस आले.
आपलं उंदीर होणं तेवढं राहिलंय."

मागच्या शनिवारी खुर्चीत ते नव्हते.
त्यांची नात होती, खातुना, एकोणीस वर्षांची.
रुमाल सोडला.
नाण्याएवढी तीन वर्तुळं, गुळगुळीत,
कुणी अंगठ्यानं पुसल्यासारखी.
तिचं दुखणं आजोबांचं नव्हे.
अंगातले पहारेकरीच मुळांना परके समजतात, म्हणाली.
येतील. नाहीतर नाही येणार.
आले तरी जातील.
डॉक्टर 'बघू' म्हणाले.
"केसानं गळा कापणं म्हणतात ना, काका?
माझ्याच अंगानं कापलाय.
सगळे काढा. रोज उशीवर मोजायचा कंटाळा आला."

मास्तर दाराशी उभे, टोपी हातात,
ना आत, ना बाहेर.
मी मशीन लावलं.
काळं, लांब, तिच्या आईनं विंचरलेलं
फरशीवर पडत गेलं
आणि मी पहिल्यांदाच ग्राहकाशी काही बोललो नाही.

मग मास्तर पुढे आले, चष्मा चढवून.
"इथे कानामागे तुला तीळ आहे.
तुझ्या आजीला होता, याच जागी.
मलाही तिच्या शेवटच्या आजारातच दिसला,
एवढ्या वर्षांच्या संसारानंतर."
खातुना आरशात मान वळवून वळवून
तीळ शोधत राहिली. दिसेना.
मी दुसरा आरसा धरला.

तिच्याकडून पैसे घेतले नाहीत म्हणून चिडली.
घेतले मग. पूर्ण घेतले.

"भुवयाही गेल्या तर?" तिनं जाताना विचारलं.
मला उत्तर आलं नाही.
मास्तर तिला टोपी घ्यायला बाजारात घेऊन गेले.
पूल ओलांडेपर्यंत त्यांचा आवाज ऐकू येत होता:
लोकर टोचते, आतून सुती कापड शिवून घे.
उन्हाचं मलम कानाच्या मागेही लावायचं.
आणि पहिल्या आठवड्यात दाराची चौकट
कपाळाला लागते. का, माहीत नाही.
लागते.